घर पाडलं, अंगण राखलं

सीबीडी बेलापूर, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. 'उभं घर पाडलंस कशाला?' हे तू फोनवर विचारलंस, पण घाईत धड उत्तर देता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

घर नुसतं दिसायला उभं होतं रे. आधीचे मालक वर्षानुवर्षं इकडे फिरकले नव्हते. कौलं सरकून पावसाचं पाणी थेट वाशांवर. दाराच्या चौकटीला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर मुठीपर्यंत आत गेला! वाळवीने बाहेरचा रंग तेवढा शिल्लक ठेवला होता. मागे कुणीतरी नंतर चढवलेली स्लॅबची खोली होती, तिथे छताचे पोपडे पडून सळया उघड्या. ठेकेदार म्हणाला, "वरून वॉटरप्रूफिंग मारू, खालून प्लास्टर." पण लोखंड गंजलं की फुगतं आणि आतूनच काँक्रीट फोडतं, त्याला प्लास्टर काय करणार? इंजिनिअरने हातोडीने ठोकून पाहिलं, जिकडेतिकडे बद्द आवाज, म्हणजे आतून पोकळ. तिथेच माझं ठरलं.

खरा वाद पुढे झाला. हद्दीपर्यंत भिंती नेऊन वर दोन मजले चढवावेत, असं ठेकेदारासकट सगळ्यांचं मत. मी नाही म्हणालो.

आपलं घर ज्या वसाहतीत आहे, ते आर्टिस्ट व्हिलेज वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी आखलं, 1983 ते 1986 च्या सुमारास. सात-सात घरं एका चौकाभोवती, चौक साधारण 8 बाय 8 मीटरचा; असे तीन चौक मिळून आणखी एक मोठं अंगण. आणि दोन घरांत सामाईक भिंत मुद्दामच ठेवली नाही, म्हणजे ज्याला जसा पैसा जमेल तसं त्याने शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवावं. तेव्हा पाडून बांधणं हे त्यांच्या मनाविरुद्ध नाहीच. पण उघड्या आभाळाखालची जागा हा त्या घराचा अर्धा जीव आहे. आपल्या हवेत वर्षातले आठ महिने संध्याकाळ तिथेच सरते. ती मी कशी बुजवू? मागचं अंगण आहे तसं ठेवलंय, आणि चौकाकडे तोंड करून ओटा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो: घर आपलं झालं तरी जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याचीच. आधी सिडकोकडे हस्तांतरण, मग बांधकाम परवानगी महापालिकेची. त्याशिवाय कुदळ मारायची नाही.

स्लॅबच्या दिवशी मात्र मी सकाळपासून ठाण मांडून होतो. खाडी जवळ, हवा खारी, म्हणून सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई तळाला न टेकता काँक्रीटच्या आत झाकलेली राहावी म्हणून ठेवतात ते छोटे ठोकळे) आहेत ना, हे वाकून वाकून बघत होतो. बिगारी पाय देतात तसे ते सरकतात. प्रत्येक वेळी पुन्हा बसवून घेतले. सिमेंट पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना, ते सावकाश घट्ट होतं; त्यामुळे पाणी किमान 10 दिवस हवंच. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवलं आणि ते आटू दिलं नाही. या कामात कंजुषी करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पुढची माणसं त्याच छताखाली झोपणार असतात!

जुनी मंगलोरी कौलं निवडून, धुऊन ठेवली होती. धड निघाली तेवढी ओट्याच्या छपराला लागली.

तू नौपाड्यातलं ते जुनं बैठं घर बघतोयस, असं वहिनी म्हणाल्या. इसार देण्याआधी मला बोलाव. रविवारी सकाळी येतो, हातोडी घेऊन. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच
बेलापूरकर मित्र