पंखा बदला, पण वायरही बदला

संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत जुन्या गाडीत इंजिन गार ठेवणारा, पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून विजेचा पंखा बसवून मायलेज वाढवण्याचा सल्ला वाचला. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा मी माझ्या जुन्या डिझेल जीपवर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधला, अति तापल्यावर जाणारा सांधा) घालवून शिकलो.

इंजिनाच्या पट्ट्यावरचा पंखा तसा उफराटाच, इंजिनाच्या वेगाने फिरणारा. कोंडीत गाडी उभी असते, वाऱ्याची खरी गरज असते, तेव्हा तो रेंगाळतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून आयता वारा मिळतो तेव्हा जीव तोडून फिरतो. वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. हे पटले म्हणून मी तो काढला.

पहिल्याच कोंडीत तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. नवा पंखा गप्प! २५ अँपियर खाणाऱ्या मोटरला मी डॅशबोर्डवरच्या साध्या बटणावरून, हाताशी होत्या त्या बारीक वायरीने वीज दिली होती. बटणामागचा जोड वितळला होता.

दुसऱ्या खेपेला जाड वायर, रिले (बारीक विजेवर चालून मोठी वीज सोडणारा स्विच), बॅटरीलगत फ्यूज आणि तापमानाचा स्विच लावला. माझा थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे गरम पाणी सोडणारी झडप, ८२ अंशांना उघडतो. स्विच त्याहून खाली लावला असता तर पंखा थांबलाच नसता. आता तो ९५ ला सुरू होतो, ९० ला थांबतो. पंख्याभोवतीचे कव्हरही आधी अडगळ म्हणून काढले होते. त्याशिवाय पात्यांच्या वर्तुळापुरताच वारा खेचला जातो, रेडिएटरचे कोपरे वाऱ्याविनाच राहतात. आणि कृपा करून रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधू नका. हादऱ्यांनी नळ्या घासून गळतात.

राहिले मायलेज. माझ्या डिझेलच्या वहीत फरक दिसतो म्हणावे इतका दिसला नाही. वीज तरी कुठे फुकट मिळते? वीज बनवणारा अल्टरनेटरही इंजिनच फिरवते. ज्या गाड्यांच्या पट्ट्यावरच्या पंख्याला व्हिस्कस क्लच (तापले तरच पंख्याला घट्ट पकडणारा, दाट तेलाचा जोड) आहे, तिथे तर गारव्यात पंखा निसटूनच फिरतो, म्हणजे वाचायचे ते बरेचसे आधीच वाचलेले असते. मला मिळाले ते एवढेच: कोंडीत काटा जागचा हलत नाही आणि चढावर तो घोंघावणारा आवाज नाही. मला ते पुरे आहे.

पुढच्या लेखात पंख्याच्या फोटोशेजारी रिलेच्या जोडणीची आकृती आणि वायरीची जाडीही छापावी, ही विनंती.

आपला,
एक जीपवाला वाचक