१९११ लोकांना अजून का आवडतं

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस ना, की अमेरिकेत एवढी नवी नवी पिस्तुलं मिळत असताना लोक अजून त्या १९११ नावाच्या जुन्या पिस्तुलाच्याच मागे का असतात, तेव्हा मी म्हटलं लिहून पाठवतो, कारण ते दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतंच. आज निवांत बसलोय तर लिहितो, मोठं झालं तर वाच टप्प्याटप्प्याने.

नुसते आकडे बघितले तर तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. ग्लॉक १७ मध्ये १७ गोळ्या, फ्रेम पॉलिमरची, उचलायला हलकं. १९११ च्या मॅगझिनमध्ये मुळात ७, वरपासून खालपर्यंत सगळं पोलाद, आणि रिकामं असतानाच वजन १.१ किलोच्या आसपास. अमेरिकन सैन्याने सुद्धा १९८५ मध्ये त्याच्या जागी बेरेटा एम९ घेतलं. आणि तरीही आज कोल्ट ते बनवतंय, स्प्रिंगफील्ड आर्मरी बनवतंय, किंबर बनवतंय, फिलिपिन्समधली आर्मस्कोर बनवतेय, आणि सगळ्यांचा माल खपतोय. लोक म्हणतात जुन्या आठवणींचा खेळ आहे, आजोबा युद्धावर घेऊन गेले होते म्हणून नातवाला हवंय. काहींचं तसं असेलही. पण आठवणीसाठी घेतलेली वस्तू माणूस कपाटात ठेवतो रे, दर आठवड्याला रेंजवर नेऊन तिच्यातून पेटीच्या पेटी राऊंड झाडत नाही. मला विचारशील तर खरं कारण ट्रिगर आहे, बाकीची कारणं त्याच्या मागून येतात.

नीट सांगतो. बहुतेक पिस्तुलांचा ट्रिगर एका पिनवर टांगलेला असतो, बोटाने ओढला की तो त्या पिनभोवती फिरतो. १९११ चा फिरत नाही, तो फ्रेममधल्या खाचेतून सरळ मागे सरकतो. त्याच्या मागे पातळ पोलादी चौकट असते, ती मॅगझिनला दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागे जाते आणि डिसकनेक्टर नावाच्या मधल्या भागाला ढकलते, डिसकनेक्टर सीअरला (हॅमर अडवून धरणारा छोटा भाग) ढकलतो, सीअर हॅमरच्या, म्हणजे मागच्या हातोडीसारख्या भागाच्या, आकड्यातून निसटतो आणि हॅमर पडतो. हॅमर आधीच चढवलेला असल्यामुळे बोटाला मोठी स्प्रिंग दाबायची नसते, फक्त तो सीअर सोडवायचा असतो. म्हणजे बघ, आधी किंचित ढिलेपणा, मग एक ठाम अडथळा, आणि मग वाळलेली काटकी मोडावी तसा कट्‌कन सुटतो, पुढे फरपट नाही की काही नाही. पुन्हा झाडायला बोट अगदी थोडंसंच पुढे सोडावं लागतं. याचा फायदा असा की शेवटच्या क्षणी नेम हलत नाही, आणि पिस्तुलाने चुकणारे बहुतेक लोक तिथेच चुकतात, साईट जुळवण्यात नाही. हे एकदा बोटाला कळलं ना, की मग दुसरा कुठलाही ट्रिगर ओढताना माणूस मनात तुलना करतच राहतो.

आता हे बनलं कसं ते ऐक, कारण त्यात प्रत्येक भागाला कारण आहे. फिलिपिन्समधल्या लढायांत अमेरिकन सैनिकांची .३८ ची (हा आकडा म्हणजे कॅलिबर, ढोबळमानाने नळीचा व्यास इंचात) रिव्हॉल्व्हर समोरून धावून येणाऱ्याला थांबवायला कमी पडत होती. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या आणि सांगितलं की कॅलिबर .४५ पेक्षा कमी नको. जॉन मोझेस ब्राउनिंग, यूटामधल्या ऑग्डेनचा, बापाचाही बंदुका बनवायचा धंदा, त्याने कोल्टसाठी त्या मापाचं काडतूस आणि पिस्तूल दोन्ही बनवलं. शेवटच्या मोठ्या चाचणीत एकाच पिस्तुलातून ६००० राऊंड झाडले, तापलं की पाण्यात बुडवून थंड करायचे आणि परत सुरू, आणि कोल्ट एकदाही अडलं नाही. समोर सॅव्हेजचं पिस्तूल होतं, ते ३७ वेळा अडलं. २९ मार्च १९११ ला सैन्याने कोल्टचं पिस्तूल स्वीकारलं. ती अंगठ्याची सेफ्टी आहे ना, चुकून गोळी सुटू नये म्हणून लावायची कळ, ती सुद्धा घोडदळाच्या आग्रहाने आलेली, घोड्यावर बसलेल्या माणसाला एका हातात लगाम धरून भरलेलं पिस्तूल सुरक्षित करता आलं पाहिजे म्हणून. आज घोडे गेले पण अंगठा तिथेच सापडतो, पकड घेतली की आपोआप सेफ्टीवर जाऊन बसतो.

आणि एक गोष्ट, जी मला फार मोठी वाटते, ती म्हणजे हे यंत्र उघडून बघितलं की समजतं. मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्याने आणि बोटाने बघायचं, मग बॅरलखालचं प्लग अंगठ्याने आत दाबून बुशिंग, म्हणजे बॅरलच्या तोंडाभोवतीचं कडं, फिरवायचं (इथे अंगठा घट्ट ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग ते प्लग खोलीच्या दुसऱ्या टोकाला फेकते), स्लाईड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, खाचेपर्यंत मागे न्यायची, उजवीकडून पिन दाबली की डावीकडून स्लाईड स्टॉप (स्लाईड अडवणारी कळ) बाहेर. साध्या साफसफाईपुरतं उघडायला हत्यार लागत नाही. बॅरलच्या खाली एक छोटी हलती कडी दिसते, सगळी करामत तिची. गोळी सुटली की बॅरल आणि स्लाईड एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत थोडं मागे जातात, मग ती कडी बॅरलचा मागचा भाग खाली ओढते, बॅरलवरचे दात स्लाईडमधून सुटतात आणि स्लाईड एकटी पुढचं काम करते. कडी जाऊन तिथे दुसरी रचना आली, पण बॅरल झुकवून सोडवायची ही कल्पना आजच्या बहुतेक पिस्तुलांत आहे, वर म्हटलेल्या ग्लॉकमध्ये पण. परत जोडताना मात्र तो स्लाईड स्टॉप आडवा घासत नेला तर फ्रेमवर अर्धगोल ओरखडा पडतो. माझं जुनं घेतलेलं आहे, आधीच्या मालकाने पाडलेला ओरखडा त्याच्यावर आहे, आणि मला तो पुसावासा वाटत नाही, कुणीतरी ते वापरलंय, उघडलंय, साफ केलंय त्याची खूण आहे ती.

दुसऱ्या महायुद्धात तर टाईपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने आठ लाखांहून जास्त बनवली, रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीने बनवली, शिलाई मशीनवाल्या सिंगरने फक्त ५०० बनवली आणि आज संग्राहक त्या सिंगरसाठी जीव टाकतात. सगळ्यांचे सुटे भाग एकमेकांना बसले पाहिजेत ही सैन्याची अट होती. त्यामुळेच आज ट्रिगर, सेफ्टी, बॅरल, ग्रिप काहीही बदलता येतं, माणूस स्वतःच्या हाताच्या मापाचं पिस्तूल करून घेतो आणि मग त्याला ते विकवत नाही.

दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) ताण नीट नसेल तर ते अडणारच. जुन्या पिस्तुलांना फक्त गोल नाकाच्या गोळ्या मानवतात, नव्या हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाच्या, कधी कधी आत सरकत नाहीत. भाग बसतात, पण सीअर आणि हॅमर चांगला बसवायला जाणता कारागीर लागतो आणि त्याचे पैसे लागतात. आणि चेंबरमध्ये गोळी, हॅमर चढवलेला, सेफ्टी वर, अशा अवस्थेत ते बाळगायचं तर सराव रोजचा हवा, कंटाळा करणाऱ्या माणसाने ते कमरेला लावूच नये असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच तुला पहिलं पिस्तूल म्हणून मी १९११ सुचवत नाही. आधी साधं .२२ घे, त्यावर वर्षभर हात बसव, कागदावरच्या भोकांचा गट लहान होऊ दे.

पण झाडून मात्र लवकर बघ. बहुतेक रेंजवर भाड्याने मिळतं, कोल्टचं असेल तर सिरीज ७० आहे का ८० ते विचार, ८० मध्ये फायरिंग पिन अडवणारा जादा भाग आहे आणि त्याने ट्रिगर बिघडतो का यावर लोक रात्र रात्र भांडतात, मला स्वतःला चांगल्या बसवलेल्या ८० मध्ये फरक जाणवलेला नाही. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी भर, कानाला मफ, डोळ्याला चष्मा, आणि ट्रिगर इतका सावकाश दाब की कधी सुटेल ते तुला कळता कामा नये. .४५ चा धक्का तुला वाटतो तेवढा कडक नाहीये, वजन बराचसा खाऊन टाकतं, ढकलल्यासारखा लागतो. मग मला लिही, आणि ग्रिप सपाट पाठीचा आवडला का फुगीर तेही सांग, त्यावरून तुझ्यासाठी कुठलं शोधायचं ते ठरवू.

तुझा,
नितीन