मंदास पत्र: मुलांना ग्रँट मागायला शिकवायचं म्हणजे

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मंदा,

तुला पीएचडीची गाइडशिप मिळाली हे ऐकून इतका आनंद झाला की फोनवर नुसतं अभिनंदन अभिनंदनच करत राहिले, आणि ठेवता ठेवता तू विचारलंस की आता माझ्याकडे मुलं येणार, त्यांना फेलोशिप, ग्रँट, प्रपोजल हे सगळं शिकवायचं कसं, आपल्याला तर कुणी शिकवलंच नव्हतं. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं गं, म्हणून निवांत लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

बाकी काही विसरलीस तरी चालेल पण एवढं कर, की मुलांना पहिल्याच महिन्यात बजेट लिहायला बसव. सगळीकडे उलटं चालतं. आधी लिटरेचर रिव्ह्यू, मग ऑब्जेक्टिव्ह्ज, मग हायपोथिसिस, आणि अर्ज भरायच्या आदल्या रात्री बजेटचं कोष्टक, तेही कुठल्या तरी सिनियरच्या फाइलमधून उचललेलं, ट्रॅव्हल इतके, स्टेशनरी इतके, मिसलेनियस इतके. ते कोष्टक वाचणाऱ्याला लगेच कळतं की या मुलाने आपलं काम अजून डोळ्यासमोर आणलेलंच नाही. संशोधन कसं होणार हे मुलाला खरंच कळलंय का, ते बजेटच्या पानावर जेवढं दिसतं तेवढं दुसरीकडे कुठेच दिसत नाही असं माझं पक्कं मत झालंय.

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे एक मुलगी आहे, वडगावची, घरात माग आहेत. तिचा विषय होता विणकरांची सामाजिक-आर्थिक स्थिती. तुला माहितेय असे विषय किती येतात, प्रत्येक डिपार्टमेंटच्या कपाटात तसे दहा प्रबंध सापडतील. तिने लिहिलं होतं वडगाव, खासबाग, शहापूर मिळून १०० मुलाखती घेणार. मी म्हटलं ठीक आहे, फळ्यावर हिशोब मांड. एक मुलाखत दीड तास धरली तर १०० मुलाखतींचं रेकॉर्डिंग १५० तास. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला साधारण पाच-सहा तास लागतात, आणि आपल्याकडे तर एकाच वाक्यात मराठी कन्नड दोन्ही, सासू कन्नड बोलते सून मराठी बोलते, त्यामुळे सहाच धर. म्हणजे झाले ९०० तास. रोज सहा तास टायपिंग केलं तरी १५० दिवस, पाच महिने नुसतं उतरवण्यात. आणि दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर त्याला तासाला किती द्यायचे ते लिही. ती फळ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली मॅडम, ४० घेतल्या तर? ४० म्हणजे ६० तासांचं रेकॉर्डिंग, ३६० तास काम, ६० दिवस. हे जमतं. मग पुढचा प्रश्न आपोआप आला, की ४०च घ्यायच्या तर कुणाच्या घ्यायच्या? आणि इथे मंदा, खरं संशोधन सुरू झालं. ती म्हणाली आमच्या घरात हातमाग गेला आणि पॉवरलूम आला तेव्हा आईचं कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायचं काम काही गेलं नाही, पण त्याचे पैसे कधीच कुणी वेगळे मोजले नाहीत. मग मी फक्त कांड्या भरणाऱ्या बायकांकडेच जाऊ का? अगं, हा तिचा प्रश्न! घरात लहानपणापासून बघत आलेली होती, पण 'सामाजिक-आर्थिक स्थिती'च्या खाली दडपून गेला होता, आणि वर आला तो कशामुळे, तर टायपिंगच्या तासांच्या हिशोबामुळे.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच करायला लावते. फील्डवर्कचा एक दिवस कागदावर जगून दाखव म्हणते. सकाळी किती वाजता निघणार, कुठल्या गाडीने, तिकीट किती, दुपारी कुठे जेवणार, बाई मागावर बसलेली असताना तुझ्याशी बोलेल का, की संध्याकाळी यायला सांगेल आणि मग परतायला बस आहे का. यातला प्रत्येक प्रश्न पैशाचाही आहे आणि मेथडचाही. ज्या बाईचा अख्खा तास तू घेणार तिच्या बुडालेल्या मजुरीचं काय, हेही तिथेच विचार, कारण एथिक्स कमिटी विचारणारच आहे आणि नाही विचारलं तरी आपण विचारायला हवं.

आता पैसे कुठे मागायचे. हे मुलांना वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त एका जागी बसून वाचायला लागतं. नेट-जेआरएफ तर तुला माहितीच आहे, यूजीसीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप, वर्षातून दोनदा परीक्षा, १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सिनियर फेलोशिप, झाली की ४२,०००, वर घरभाडं. पण कंटिन्जन्सीकडे, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठीच्या वेगळ्या रकमेकडे, कुणी बघत नाही. ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्सला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००. त्यात रेकॉर्डर, प्रवास, झेरॉक्स सगळं बसवायचं म्हटलं तर पुरत नाही, म्हणजे जेआरएफ मिळालेल्या मुलालाही फील्डवर्कसाठी वेगळी ग्रँट मागायला शिकावंच लागतं. जेआरएफ नाही मिळाली तर आयसीएसएसआरची, म्हणजे सोशल सायन्सच्या केंद्रीय परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप आहे, महिना २०,००० आणि वर्षाला २०,००० कंटिन्जन्सी. सायन्सवाल्यांसाठी सीएसआयआर, इन्स्पायर या केंद्राच्या फेलोशिप आहेत, आणि पूर्वीचं एसईआरबी, सायन्सच्या संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये गेलंय, २०२३ च्या कायद्याने. बाहेरच्या संस्थाही आहेत. अँथ्रोपॉलॉजीचं काम असेल तर वेनर-ग्रेन फाउंडेशन कुठल्याही देशाच्या पीएचडीच्या मुलाला फील्डवर्कसाठी पैसे देतं. आपली मुलं तिथे अर्जच करत नाहीत, आपल्याला कोण देणार म्हणून. तुझ्या निपाणीत विडी कामगार बायकांवर, तंबाखूवर काम करणारं एखादं पोर असेल तर त्याच्याकडे जे आहे ते दिल्लीच्या मुलाकडे नाही, हे त्याला तू सांगायचंस.

आणि आपल्याकडची खास अडचण, रहिवास. सारथी, बार्टी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती आपल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, मराठीत असतात, मुलं हरखून जातात, कागद जमवत बसतात आणि मग कळतं की महाराष्ट्राचा रहिवासी दाखला पाहिजे. जन्म खानापुरात, शाळा मराठी, एमए कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आणि दाखला कर्नाटकचा, अशी आपली निम्मी मुलं. जातीच्या दाखल्याचंही तसंच, केंद्राची ओबीसी यादी राज्यवार असते, तेव्हा कोल्हापूरचा मित्र ज्या कोट्यात भरतो त्यात आपलं पोर बसेलच असं नाही. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, पोरं दोन्हीकडून अडकतात, पण वाईट वाटून अर्ज भरला जात नाही. म्हणून मी योजनांची यादी करायला लावते तेव्हा पहिला रकाना रहिवासाचा, रक्कम त्याच्यानंतर. केंद्राच्या फेलोशिपला कुठल्या राज्याचा हे कुणी विचारत नाही, त्या वर. कर्नाटकच्या योजना त्याखाली, त्यांचे फॉर्म कन्नडमध्ये असतात म्हणून सोडून द्यायचे नाहीत, वर्गातल्या कन्नड मुलाला शेजारी बसवायचं आणि भरायचे. आमच्याकडे पोरं हे फार छान करतात, एकमेकांचे फॉर्म भरून देतात.

दुसरं, देणाऱ्याला काय हवंय ते वाचायला शिकव. झुऑलॉजीच्या आमच्या एका सरांकडचा मुलगा भीमगड अभयारण्यात वटवाघळांवर काम करतो, ती बारापेडे गुहेतली, राटन्स फ्री-टेल्ड बॅट म्हणतात, जी कितीतरी वर्षं अख्ख्या जगात तिथेच ठाऊक होती. विषय सोन्यासारखा. त्याने रफर्ड फाउंडेशनला अर्ज लिहिला तो सगळा आवाजाच्या फ्रिक्वेन्सीवर, मोजमापांवर. मला वाचायला दिला होता, शास्त्र मला काय कळणार, पण मी त्याला म्हटलं हे लोक संवर्धनाला पैसे देतात, नुसत्या संशोधनाला नाही असं त्यांनीच लिहून ठेवलंय, मग तुझ्या कामाने गुहेचं काय भलं होणार ते कुठाय? ते त्याच्या डोक्यात होतं बरं का, गुहेजवळच्या गावातल्या लोकांशी तो बोललाही होता, पण ते 'सायंटिफिक' नाही म्हणून लिहिलंच नव्हतं. परत लिहिला तेव्हा तेच पहिल्या पानावर आलं. आणि त्याच्या वेळापत्रकात जून ते सप्टेंबर फील्डवर्क! कणकुंबीकडचा पाऊस तुला सांगायला नको. शिवाय अभयारण्यात संशोधनासाठी शिरायचं म्हणजे वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली परवाना लागतो, तो चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनकडून यायला वेळ लागतो, म्हणजे पैशाच्या अर्जाच्या आधी नाहीतर निदान बरोबर तरी तो अर्ज गेला पाहिजे. असल्या गोष्टी पुस्तकात नसतात, गाइडनेच सांगायच्या.

भाषेचं एक करून बघ, माझ्याकडे याचा फार उपयोग झाला. मुलं थेट इंग्रजीत लिहायला बसली की 'द प्रेझेंट स्टडी अटेम्प्ट्स टु' च्या पुढे जात नाहीत. मी फोनचं रेकॉर्डिंग चालू करते आणि सांगते, तुझ्या आईला सांगतोयस असं समज आणि पाच मिनिटांत सांग काय शोधतोयस, का शोधतोयस, आणि ते कळलं तर कुणाला काय फरक पडणार. मराठीत बोल, कन्नडमध्ये बोल, कशातही बोल. मग तेच ऐकून पहिला पॅरा लिहायचा. रिव्ह्यूअर काय तुझ्याच विषयाचा असेल असं नाही, त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो आणि पहिल्या अर्ध्या पानात प्रश्न सापडला नाही तर पुढे शोधत बसायला त्याला वेळ नसतो. कांड्यावाल्या मुलीचा पहिला पॅरा असाच आला, तिच्या आईचा दिवस, पहाटेपासून किती कांड्या, आणि शेवटी एक प्रश्न. मला तो पाठ झालाय.

रेकमेंडेशन लेटरचं थोडक्यात सांगते, डेडलाइनच्या आदल्या दिवशी मागायचं नाही, महिनाभर आधी, आणि मागताना सरांना आपल्या कामाचं एक पान द्यायचं म्हणजे ते 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' च्या पलीकडे काहीतरी लिहू शकतात. आणि तू स्वतः लिहिशील तेव्हा त्या पोराने केलेली एक तरी नेमकी गोष्ट लिही. अर्जाची पोर्टलं शेवटच्या दिवशी बंद पडतात, तेव्हा दोन दिवस आधी सबमिट.

पैसे आल्यावरचंही आत्ताच सांगून ठेव. व्हाउचर जपणं, कुठल्या हेडचा खर्च कुठे, युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, त्याचा जीएफआर १२-ए चा फॉर्म, हे सगळं कोर्सवर्कमध्येच एकदा हाताने भरून घे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे कोर्सवर्क निदान १२ क्रेडिटचं असतं, मेथडॉलॉजी असते, पब्लिकेशन एथिक्स असतं, पण अर्ज लिहायला आणि हिशोब द्यायला तासच नसतो आमच्याकडे. मी मेथडॉलॉजीच्या तासातच हे घुसवते, कुणी काही म्हणत नाही. स्टायपेंड उशिरा येतो हेही पोरांना स्पष्ट सांगावं, कित्येक महिने अडकू शकतो, तोवर घरभाडं कसं द्यायचं याचा विचार आधीच करून ठेवायला. गरीब घरातलं पोर याच काळात पीएचडी सोडतं, मी बघितलंय.

आता सगळ्यात अवघड. आपल्या पोरांना मागायची लाज वाटते गं. घरात शिकवलेलं असतं कुणापुढे हात पसरायचा नाही, आणि ते चांगलंच आहे, पण ग्रँट मागताना तेच आडवं येतं. मुलींचं तर जास्तच, त्या बजेट मुद्दाम कमी लिहितात, इतके चालतील मॅडम, मी चालत जाईन मॅडम. कमी मागितलं तर मिळेल असं त्यांना वाटतं, पण वाचणाऱ्याला वाटतं की हिला कामाचा अंदाज नाही. मी त्यांना एवढंच सांगते की हा पैसा चांगल्या कामासाठीच बाजूला काढलेला आहे, तो कुणाला तरी द्यायचाच आहे, आणि देणारासुद्धा चांगला अर्ज कधी येतोय याची वाट बघत असतो. सरकारी असेल तर तो तुझ्या बापाने माचिस घेताना भरलेल्या करातलाही आहे. तुझं काम होण्यासारखं आहे आणि त्याला इतका खर्च आहे, हे सरळ मान वर करून लिही. हे एकदा सांगून होत नाही, परत परत सांगावं लागतं, आणि गाइडने मनापासून सांगितलं तर पोरं हळूहळू ऐकतात.

आणि नकार येणारच. नकार आला की पोरं आठवडाभर तोंड दाखवत नाहीत. त्यांना बोलावून घे, शेरे आले असतील तर बरोबर बसून वाच, जागा मोजक्या असतात हे सांग, आणि तोच अर्ज सुधारून पुढच्या फेरीला पाठवायचा हे त्याच दिवशी ठरवून टाक, घरी पाठवायच्या आधी.

माझ्याकडची यादी आणि दोन जुने अर्ज, नावं काढून, तुला मेल करते. आणि एक सुचवू का, दिवाळीनंतरचा एखादा शनिवार ठेव. तुझी मुलं घेऊन सकाळच्या गाडीने ये, माझी इथे आहेतच. प्रत्येकाला दुसऱ्या विषयाच्या मुलाचा अर्ज द्यायचा, दहा मिनिटं वाचायला, आणि मग विचारायचं, याला तू पैसे देशील का, आणि नाही तर का नाही. लेखकाने मधे बोलायचं नाही, नुसतं ऐकून लिहून घ्यायचं. आम्ही हे करतो, एका दुपारी मुलं जेवढं शिकतात तेवढं माझ्या चार लेक्चरांत होत नाही. वटवाघळांच्या मुलाचा अर्ज तुझ्या तंबाखूवाल्या पोराला वाचायला देऊ. जेवायला माझ्याकडेच सगळे, किती जण येताय तेवढं आधी कळव.

तुझी,
विजू