सुन्या, काकूंना एक विचार

घंटाळी, ठाणे
रविवार रात्र

प्रिय सुन्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील, आणि तुझा राग मला आठवीपासून माहीत आहे. इथे सगळे ठीक, आईचे गुडघे तसेच. लिहायला बसलोय ते आमच्या अदूसाठी. त्याला लघवीचं इन्फेक्शन झालं. हे वाचून तुझ्या पोटात काय होईल ते मला कळतं, म्हणूनच तुला लिहितोय.

सात महिन्यांचं पोर. मागच्या मंगळवारी १०२ ताप. सर्दी नाही, खोकला नाही. आई म्हणाली दात येताहेत. अख्खी बिल्डिंग दात म्हणत होती. जवळच्या डॉक्टरांनीही घसा बघून तापाचं औषध दिलं. तीन दिवस थेंब पाजत बसलो. उतरायचा, पुन्हा चढायचा. शुक्रवारी १०३ झाला, प्यायलेलं सगळं ओकायला लागला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "लघवी तपासलीत का?"

सुन्या, तू समोर उभा राहिलास रे. एवढी वर्षं तुला ओळखतो आणि तीन दिवसांत माझ्या डोक्यात लघवी हा शब्द आला नाही. दातांनी एवढा ताप येत नाही म्हणे. मोठा माणूस जळजळतंय म्हणून सांगतो, एवढंसं बाळ फक्त तापतं. म्हणून तापाचं दुसरं कारण दिसत नसेल तर लघवी बघायचीच.

पिशवी लावून घेतलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, त्यामुळे तिच्या कल्चरवर, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीवर, भरवसा ठेवता येत नाही. मग बारीक नळी घालून घेतली. पाय मी धरले होते. तो रडताना माझ्याकडेच बघत होता. आणि नळी निघाल्या निघाल्या पठ्ठ्यानं बाईंच्या ओढणीवर धार सोडली! त्या हसल्या, "ही आधी वाटीत मिळाली असती तर नळी कशाला घातली असती!" दोन दिवसांनी कल्चर आलं. ई. कोलाय, आतड्यातलाच जंतू. तीन दिवस इंजेक्शनं, आता तोंडानं औषध, एकूण दहा दिवस. ताप गेलाय, पुन्हा पाय चोखतोय.

आणखी एक. मालिशवाल्या मावशी रोज त्याच्या शूच्या जागेची पुढची कातडी मागे ओढायच्या, साफ राहते म्हणून. बाईंनी ते ताबडतोब बंद करायला सांगितलं. या वयात ती चिकटलेलीच असते, ओढून इजा होते. मुलींपेक्षा मुलग्यांना हे इन्फेक्शन पहिल्या काही महिन्यांतच जास्त होतं, पुढे उलटं. तुमच्याकडे वहिनींच्या बहिणीला मुलगा झालाय ना, तिला नक्की सांग.

सोनोग्राफीत उजवी किडनी थोडी फुगलेली दिसली. गुरुवारी एमसीयू. पुन्हा नळी, मूत्राशयात औषध भरायचं आणि शू करताना एक्सरे काढायचे. लघवी उलटी वर चढते का ते बघायला. चढत असेल तर १ ते ५ ग्रेड. खालच्या ग्रेडचं बहुतेक वेळा वाढत्या वयात आपोआप थांबतं, हे बाईंनी दोनदा सांगितलं. मला मात्र रात्री तुझी ती खराब डावी किडनी दिसते. आणि तुझी बीपीची गोळी.

येऊरला चढताना तू तीनदा झाडामागे गेलास आणि मी सगळ्यांसमोर तुला 'नळ' म्हटलं. तू तसाच उपवनला उतरलास. पुढे महिनाभर आपण भांडलो ते मात्र सायकलच्या पंपावरून! पंप तुझाच होता, ते आज कबूल करतो. पण त्या शब्दाची माफी मी कधी मागितली नाही. आज मागतो.

दुकानाचं भाडं ठरलं का? चिंगीचा दहावीचा क्लास? वहिनींना नमस्कार.

आता काम. काकूंना विचार, तू तान्हा असताना तुला असे विनाकारण ताप यायचे का, कितव्या महिन्यापासून, आणि तेव्हा कुणी लघवी तपासली होती का. फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही. लिही. गुरुवारच्या आत.

तुझा,
अव्या