पेटीवर नाव आपलं हवं

लंडन, ८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मोहोर बरा धरलाय असं वहिनींकडून कळलं. वाशीच्या घाऊक बाजारात आंबा जातोच आहे, मग हे ऑनलाइन विकायचं लोढणं कशाला, असं तू विचारलंस. फोनवर ते अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

वाशीला पेटी गेली की भाव तुझ्या हातात राहत नाही आणि गिऱ्हाईकही नाही. खर्च वजा होऊन पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचा हिशेबाचा कागद, येते, पण आंबा कोणाच्या घरी गेला ते तिच्यात नसतं. खाणाऱ्याला तो कितीही आवडला तरी पुढच्या वर्षी तुला शोधायची त्याच्याकडे सोय नाही. ती सोय करून देणं, एवढंच काम आहे. सगळा माल ऑनलाइन काढ असं मी म्हणत नाही. बारीक फळ आणि कॅनिंगचा माल आत्ता जातो तिथेच जाऊ दे. पहिल्या वर्षी शंभर-दीडशे डझन थेट घरोघरी गेले तरी पुष्कळ झाले, कारण त्यातली बरीच माणसं परत येतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांना शोधावं लागत नाही.

सुरुवात गूगल बिझनेस प्रोफाइलपासून, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या आपल्या धंद्याच्या पानापासून कर. ते फुकट आहे. नाव फाटकावरच्या पाटीवर आहे तेच घाल. त्यापुढे 'अस्सल, स्वस्त, होलसेल, होम डिलिव्हरी' असं शेपूट जोडलंस तर गूगल प्रोफाइल बंद करू शकतं. वाडीचा पत्ता टाकला की नकाशावरची खूण भलत्याच जागी पडते, तेव्हा ती बोटाने ओढून आपल्या फाटकावर आणून ठेव. खात्री पटवायला गूगल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतं. न थांबता, एका दमात काढलेला लागतो. आधी रस्ता आणि आजूबाजूचा परिसर, मग पाटी, मग गोदामाचं कुलूप तू स्वतः उघडतोस ते, आणि आत रिकामे खोके, वजनकाटा. कागदपत्रांवर कॅमेरा रोखू नकोस. वाडीत रेंज तुटते, व्हिडिओ अर्ध्यावर अडकतो. नेट नीट चालतंय ना, ते आधी बघून घे. हंगाम संपला की प्रोफाइलवर 'तात्पुरतं बंद' लाव. नाहीतर ऑगस्टात कोणी गाडी घेऊन दारात येतो आणि रागाने एक तारा देऊन जातो.

फोटो आपल्याच आंब्याचे हवेत. नेटवरून उचललेला पिवळाधमक ढीग लोक लगेच ओळखतात. सकाळच्या उजेडात, काट्यावर ठेवलेलं फळ आणि शेजारी दिसणारं वजन, असा एक फोटो दहा विशेषणांपेक्षा जास्त काम करतो. भाव डझनाचा लिहिताना वजन लिहिलंच पाहिजे: २०० ते २५० ग्रॅम, २५० ते ३०० ग्रॅम, त्यावरचं वेगळं. डझनावरून होणारी निम्मी भांडणं वजन न लिहिल्याने होतात. भाडं धरून भाव की वेगळा, तेही लिही.

व्हॉट्सॲप बिझनेससाठी वेगळं सिम घे, आणि ते पावसाळ्यातही रिचार्ज करत राहा. महिनोन्महिने न वापरलेला नंबर कंपनी काढून घेते, तो दुसऱ्याला मिळतो आणि आपली गिऱ्हाइकं त्याला आंब्याचा भाव विचारत बसतात. कॅटलॉगमध्ये चार-पाच वस्तू पुरे. 'कधी पोचेल', 'पिकलेला आहे का', 'पैसे कसे पाठवू' यांची तयार उत्तरं क्विक रिप्लायमध्ये घालून ठेव. ब्रॉडकास्ट लिस्टवरून अनेकांना एकदम पाठवलेला निरोप ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, म्हणून प्रत्येक खोक्यात 'हा नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी टाक. अनोळखी नंबरांच्या याद्या विकत मिळतात, त्या घेऊ नकोस. लोक तक्रार करतात आणि ऐन एप्रिलात नंबर बंद पडतो.

मालाचं तुला मी काय सांगणार! फक्त एक: घरपोच पाठवायचं फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार, पण कडकच हवं. पिकायला लागलेलं फळ बंद खोक्यात दोन दिवसांत घाम धरतं आणि एक नासलं की शेजारची चार नेतं. भोकं असलेला पुठ्ठ्याचा खोका, खाली-वर पेंढा, आणि आत पिकवायची सूचना. 'उघडल्यावर खोक्यातून काढून पेंढ्यात पसरा, फ्रिजमध्ये ठेवू नका' हे छापलं नाही तर शहरातली माणसं हिरवा आंबा फ्रिजमध्ये ठेवतात आणि पिकलाच नाही म्हणून फोन करतात. साक्याचंही, म्हणजे गरात आतून होणाऱ्या बिघाडाचं, आधीच लिहून ठेव. बाहेरून तो कळत नाही, तेव्हा कापलेल्या फळाचा फोटो आल्यास तेवढ्या फळांचे पैसे परत किंवा पुढच्या खोक्यात भर. एखाद्याने वाईट रिव्ह्यू दिलाच तर वाद न घालता काय भरपाई दिली ते दोन ओळीत लिही. पुढचा माणूस तक्रारीपेक्षा उत्तर जास्त लक्षपूर्वक वाचतो. चांगल्या रिव्ह्यूसाठी सूट देऊ नकोस, गूगलला ते चालत नाही.

आता वेबसाइट. इथून पुण्या-ठाण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवू पाहणारे बरेच आहेत, पण इथलं कार्ड यूपीआयवर चालत नाही. त्यासाठी पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर कार्डाने पैसे घेण्याची सोय, लागतो आणि त्यात परदेशी कार्डं वेगळी सुरू करून घ्यावी लागतात. गेटवेवाले साइटवर संपर्क, पाठवणी, परतावा आणि गोपनीयता अशी पानं मागतात. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून हे जानेवारीतच हवं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुझ्या नावावर, तुझ्या ईमेलवर घे. साइट बनवणारा मुलगा 'मी बघतो सगळं' म्हणून आपल्या नावावर घेतो आणि तो नोकरीला लागला की नाव त्याच्याकडेच अडकतं. गूगलच्या फुकट साइटवर अनेकजण विसंबले होते. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोयच बंद केली.

पैशांच्या बाबतीत वहिनींनी एक लक्षात ठेवावं: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'हा क्यूआर स्कॅन करा, ॲडव्हान्स येईल' म्हणणारा चोर समजावा. स्क्रीनशॉट बनावटही असतो. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय खोका हलवायचा नाही.

कागदांचं थोडक्यात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव रीतसर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घे. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. आंबापोळी, कोकम सरबत मात्र करपात्र आहे, आणि करपात्र माल गोवा-कर्नाटकात पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. आधी सीएला विचार. वहिनींच्या बरण्यांवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी क्रमांक हवाच.

गूगल खातं, डोमेन आणि व्हॉट्सॲपचा पिन आईच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेव, मोबाइलमध्ये नको. व्हिडिओचं काम या महिन्यातच उरक, पुढे फवारणीत तुला फुरसत नाही. आणि तो काढताना मोत्याला बांधून ठेव, कॅमेरा धरणाऱ्यावर तो धावून जाईल.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा