कचरा काढायला हात आहेत, न्यायला होडी नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नेरुळला राहते, लग्न होऊन इथे आले त्याला आता बावीस वर्षं झाली, पण माहेर माझं घारापुरीचं, मोराबंदरचं. घारापुरी म्हटलं की लोकांना लेणीच आठवतात, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत ती, पण त्याच बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं पण आहेत, तिथे माणसं राहतात, मासे मारतात, आणि समुद्राखालून केबल टाकून तिथे वीज पोचली ती थेट २०१८ च्या फेब्रुवारीत, तोवर संध्याकाळी थोडे तास जनरेटर चालायचा तेवढाच उजेड. हे एवढ्यासाठी सांगतेय की अशा गावातली पोरं आज जे काम करतायत ते तुमच्या पेपरातून नवी मुंबईच्या लोकांपर्यंत जावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण त्या कामाचा अर्धा भाग आपल्याकडे आहे आणि तो आपण करत नाही.

गावात पोरापोरींचं एक मंडळ आहे, सोळा-सतरा जण असतील. नाव-बोर्ड-पावतीपुस्तक काही नाही. क्रिकेटची टीम होती, तीच पोरं एका पावसाळ्यानंतर खाडीच्या बाजूला तिवरांत, म्हणजे कांदळवनात, शिरली आणि कचरा काढायला लागली, मग त्यांच्या बहिणी आल्या, मग माझ्यासारख्या माहेरवाशिणी रविवारी जायला लागल्या. उरणची लोकल २०२४ च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हापासून मला नेरुळहून निघणं सोपं झालंय, पुढे रिक्षा आणि होडी. महिन्यातून दोनदा तरी जाते.

काम काय करतो ते जरा नीट सांगते, कारण लोकांना वाटतं पर्यावरण म्हणजे झाडं लावणं. तिवराच्या झाडाखाली कधी वाकून बघितलंय का? चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशा शेकडो मुळ्या वर आलेल्या असतात. झाड त्यांच्यातून श्वास घेतं, चिखलात हवा नसते ना, म्हणून त्या मुळ्यांना बारीक बारीक छिद्रं असतात. आता त्या मुळ्यांवर प्लास्टिकची पिशवी बसली, वर गाळ बसला, की पुढच्या भरतीला ती हलत नाही, तिथेच चिकटते आणि खालची मुळी गुदमरते. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजं धडकून तेल सांडलं होतं, आमच्याकडे पण आलं होतं, तेव्हा याच मुळ्या काळ्याकुट्ट झालेल्या मी स्वतः बघितल्यात. तेलाची निदान बातमी झाली, प्लास्टिक रोज येतं म्हणून त्याची बातमी होत नाही.

तर आम्ही एकेक मुळी मोकळी करतो. खरंच एकेक. ओढून चालत नाही, ओढलं की मुळी तुटते, बोटं चिखलात घालून पिशवी खालून सोडवावी लागते. दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे मखर, चपला, सलाईनच्या बाटल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फाटकी जाळी आणि तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. गेल्या हिवाळ्यात एक वंचक सापडला, तोच तो मातकट बगळा जो उडाला की एकदम पांढरा दिसतो, त्याच्या पायाला तंगूस गुंडाळलेला आणि दुसरं टोक चिप्पीच्या, म्हणजे तिवराच्याच एका जातीच्या, फांदीला, उलटा लटकत होता. मंडळातल्या एका पोराने त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला तसा तो शांत झाला, मग दुसऱ्याने नेलकटरने एकेक वेढा कापला, पायाच्या कातडीत रुतला होता म्हणून दहा-पंधरा मिनिटं लागली, कोणी बोलत नव्हतं. सोडल्यावर तो लगेच उडाला नाही, चिखलात बसून राहिला, आणि आम्ही सगळे पण तिथेच उभे, भरती चढायला लागली तरी. मग उडाला. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या खिशात नेलकटर असतो.

तिवर मोकळं झालं की काय काय परत येतं ते बघायला डोळे पाहिजेत. आधी चिंबोऱ्यांची बिळं दिसतात, ती बिळं म्हणजे चिखलाची नांगरणीच आहे, त्यातून पाणी आणि हवा खाली जाते. मग निवटे, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारायला लागतात. जिताड्याची पिल्लं, कोळंबीची पिल्लं याच मुळ्यांत वाढतात हे गावातल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवायला लागत नाही, माझी आजी तिवराला हात लावू द्यायची नाही, म्हणायची ही आपली बालवाडी आहे. आणि मासे आले की खंड्या, बगळे, घारी आपोआप येतात, त्यांना आमंत्रण लागत नाही.

वरच्या डोंगरात पण थोडं काम चालतं, घाणेरीची झुडपं काढतात, उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याचे खड्डे भरतात, आणि वठलेलं झाड मुद्दाम तोडत नाहीत कारण तांबट वठलेल्या फांदीतच ढोली करतो.

आता झाडं लावण्याबद्दल. एकदा एका मोठ्या कंपनीचा ग्रुप आला होता, नाव नको, चांगल्या मनानेच आले होते, सोबत तिवरांची रोपं, टोप्या, बॅनर. ओहोटीला जो मोकळा चिखल उघडा पडतो तिथे रोपं लावली. मंडळातल्या पोरांनी सांगायचा प्रयत्न केला की इथे नको, पण फोटो काढायचे होते आणि बोटीची वेळ झाली होती. अहो तो मोकळा चिखल रिकामा नसतो! तुतवार, कुरल, शेकाट्या, आणि पलीकडे ठाणे खाडीत हजारोंनी येणारे फ्लेमिंगो, या सगळ्यांचं ताट आहे ते. तिथे झाडं उभी केली तर पक्ष्यांनी खायचं कुठे? आणि तिवराला जिथे भरतीचं पाणी नीट येतं-जातं तिथे पावसाळ्यात त्याच्या बिया आपसूक गळतात, पाण्यावर तरंगत जातात आणि जागा बघून रुजतात, माणसाने फक्त वाट अडवायची नाही. रोपांच्या काळ्या पिशव्या पण तिथेच राहिल्या होत्या, त्या आम्ही पुढच्या रविवारी गोळा केल्या.

हेच नेरुळला पण बघितलंय मी. आमच्या घरापासून फ्लेमिंगोचा तलाव चालत अंतरावर आहे. लोकांना वाटतं पक्षी तिथे राहतात, तसं नाही, ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीला चिखल पाण्याखाली गेला की टेकायला तलावात येतात, म्हणजे खाडी आणि तलाव मिळून एक घर आहे. २०२४ मध्ये त्या तलावात भरतीचं पाणी यायची वाट बंद पडली, तलाव शेवाळाने माजला, आणि मेलेले फ्लेमिंगो आपण सगळ्यांनी बघितले. झाड कमी पडलं नव्हतं हो तिथे, पाणी कमी पडलं होतं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जगाच्या यादीत घेतलं, याचा मला खूप अभिमान वाटतो, ऐरोलीचं खाडीतल्या जीवसृष्टीची माहिती देणारं केंद्र तर प्रत्येक शाळेने पोरांना दाखवावं इतकं छान आहे. पण अभयारण्याची हद्द नकाशावर असते, पाण्याला हद्द नसते. ठाण्याहून ऐरोली, वाशी, बेलापूर करत जे पाणी खाली येतं ते ओहोटीबरोबर घारापुरीच्या अंगावरून जातं, आणि त्यात आपण जे टाकतो ते सगळं.

हे मी अंदाजाने बोलत नाहीये. गोणीत भरताना पिशव्यांवरची नावं वाचते मी. कोपरखैरणेच्या स्वीटमार्टचा डबा, वाशीच्या साडीच्या दुकानाची पिशवी, एकदा तर आमच्याच सेक्टरमधल्या डेअरीची पिशवी निघाली तेव्हा मला रडू आलं. आणि निर्माल्य! वाशीच्या पुलावर गाडी थांबवून लोक हात जोडतात आणि निर्माल्य पिशवीसकट खाली सोडतात. त्या श्रद्धेला मी काही बोलत नाही, मी पण देवाचं करते, पण फुलं झाडाच्या बुंध्याशी घाला ना, पिशवी कशाला पाण्यात? ती पिशवी माझ्या माहेरी तिवराच्या मुळीवर जाऊन बसते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

कोकणात भरतीचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. म्हणून आम्ही अष्टमीच्या जवळचा रविवार धरतो, भांगाचे दिवस असतात, पाणी फार चढत नाही, दुपारी निवांत काम करता येतं. गेल्या वर्षी अशाच एका शुद्ध अष्टमीच्या रविवारी आम्ही एकेचाळीस गोण्या भरल्या. एकेचाळीस! पोरांचे हात सोलून निघाले होते. गोण्या बांधावर रचून ठेवल्या, कारण बेटावरून कचरा न्यायला होडी लागते, होडीला डिझेल लागतं, आणि पलीकडे किनाऱ्यावर तो कोणीतरी उतरवून घ्यायला लागतो. एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले हा आमच्या हद्दीतला कचरा नाही, दुसरीकडे विचारलं तर म्हणाले बेटाचा कचरा बेटावर. आठवडाभर फोनाफोनी झाली. तोवर पौर्णिमा आली. पौर्णिमेला उधाण, मध्यरात्रीची भरती बांधावर चढली आणि सकाळी बघतो तर नऊ गोण्या शिल्लक, बाकीच्या फाटून परत तिवरांत. तोच कचरा, त्याच मुळ्यांवर. एक पोरगा बांधावर नुसता बसून राहिला होता, अकरावीला आहे, त्याला मी काय सांगणार?

पुढच्या अष्टमीला तो परत आला, सगळेच आले. पण असं किती वेळा येतील?

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, आणि ती कोणा एकाला नाही, ज्यांच्या हातात हे आहे त्या सगळ्यांना आहे. महिन्यातून एक दिवस, फक्त एक, नवी मुंबईच्या किंवा उरणच्या बाजूच्या एखाद्या जेट्टीवर घारापुरीच्या गोण्या उतरवून घेतल्या जातील असं ठरवून द्या, दिवस आम्ही तिथी बघून आधी कळवू. कचरा मुळात आपल्याच नाल्यांतून गेलाय, तो परत घेताना हद्द कसली विचारायची? आणि नाले धारण तलावांत (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायचे तलाव) आणि खाडीत उतरतात तिथे तोंडाशी जाळ्या लावून त्या पावसाआधी आणि पावसात नेमाने साफ झाल्या तर अर्ध्या गोण्या भरायच्याच नाहीत. जाळी लावून विसरलं तर मात्र पाणीच तुंबतं, मग लोक जाळीच काढून टाकतात, हे पण बघितलंय. खाडीकडेला राडारोडा टाकणं, तिवरं मारणं याला तर हायकोर्टाची २००५ पासून मनाई आहे, कांदळवनाभोवती पन्नास मीटर मोकळी ठेवायची आहे, तरी रात्रीचे डंपर येतात हे खाडीकडेला राहणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. दिसला तर गाडीचा नंबर टिपा आणि तक्रार करा, एकट्याने भीती वाटते तर सोसायटीच्या ग्रुपने करा.

ज्या कंपन्यांना सीएसआरमधून काही करायचंय त्यांना हात जोडून सांगते, रोपं नकोत, टोप्या नकोत. होडीचं डिझेल द्या. जाड गोण्या द्या, सिमेंटच्या जुन्या गोण्या उन्हाने चुरा होतात आणि त्याचंच परत प्लास्टिक होतं. आणि यायचंच असेल तर एकदा येऊन फोटो काढून जाऊ नका, तीन अष्टम्या सलग या, मग तुम्हालाच दिसेल की पहिल्या वेळी साफ केलेल्या जागी बिळं किती वाढली.

संपादक साहेब, तुमच्याकडे पण एक मागणं आहे. पेपरात रोज पंचांग येतं, त्याच्या शेजारी भरती-ओहोटीच्या वेळा छापाल का? दोन ओळी लागतील. नवी मुंबईला खाडी लागून असून आमच्या बिल्डिंगमधल्या कुठल्याही पोराला आज भरती किती वाजता आहे ते सांगता येत नाही, दिवाळे-सारसोळेच्या कोळीवाड्यातली पोरं अजून सांगतात तेवढीच. वेळ माहीत असली की माणूस खाडीकडे बघायला तरी जातो.

आणि कोणाकडे जुने गमबूट पडून असतील तर आम्हाला हवेत, आठ आणि नऊ नंबरचे, लहान नंबरचे आमच्याकडे आहेत. चिखलात काचा असतात, पोरं अजून चपला घालून उतरतात. तुमच्या ऑफिसात कोणी आणून दिले तर कृपया ठेवून घ्या, मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
मोराबंदरची एक माहेरवाशीण,
नेरुळ, नवी मुंबई