जाहीर नोटिसांच्या पानावरची घरे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकातील जाहीर नोटिसांचे पान बहुतेक वाचक न वाचताच उलटतात. नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी ११ वर्षे सचिव होतो, त्या काळात ते पान रोज पाहण्याची जी सवय लागली ती पद सोडल्यावरही सुटलेली नाही. अमुक इमारतीतील सदनिकेचा मूळ करारनामा गहाळ झाला आहे, कोणाचा हक्क, हितसंबंध किंवा बोजा असल्यास १४ दिवसांत लेखी पुराव्यासह कळवावे, या ठरावीक मजकुराच्या नोटिसा वाचताना मला वाटते की यांतल्या अनेकांना कागद हरवल्याचा पत्ता गिऱ्हाईक दारात आल्यावरच लागला असणार.

आमच्याच इमारतीत हे घडले. एका सभासदाने दुसऱ्या मजल्यावरील सदनिका १९९६ साली रीतसर नोंदणी करून घेतली होती. ती विकायला काढल्यावर भाव ठरला, बयाणाही हातात पडला. पण खरेदीदाराच्या बँकेने साखळीतला पहिला कागद, म्हणजे १९८३ साली बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेला करारनामा मागितला. सभासदाकडे होती ती झेरॉक्सची झेरॉक्स, आणि मूळ कागद घडीवर फाटलेला असल्यामुळे नेमकी क्षेत्रफळाची ओळ काळ्या पट्ट्यात गेलेली. १० डिसेंबर १९८५ पूर्वीचे असे कित्येक करार पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर झाले आणि त्यांतल्या अनेकांची नोंदणी झालीच नाही. नोंदणी झालेला दस्त हरवला तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढता येते. न नोंदलेल्या कागदाची नक्कल कोणत्या दप्तरातून आणणार? पोलिसांत हरवल्याची तक्रार, वकिलामार्फत नोटीस, प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचे हमीपत्र यांत चार महिने गेले. अखेर मूळ करार सापडला तो पहिल्या मालकांच्या डोंबिवलीला राहणाऱ्या मुलीकडे, जुने रेशनकार्ड आणि वीजजोडणीच्या अनामत रकमेची पावती यांच्यासह, एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत. ती पिशवी १९९६ साली चावीबरोबरच मागून घेता आली असती.

म्हणून घर विकायचे मनात आले की रंगकामाच्याही आधी फाईल उघडावी. बिल्डरच्या पहिल्या करारापासून आपल्या नावापर्यंतचे सर्व मूळ करार, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) आणि भाग दाखला (संस्थेचे शेअर सर्टिफिकेट) हे सारे एकत्र आहे का ते पाहावे. भाग दाखला उलटून मागची बाजू, जिथे नव्या मालकाच्या नावाची नोंद होते, जरूर वाचावी. घर घेऊन वीस वर्षे झाली, देखभाल खर्च नियमित भरला, पण दाखल्याच्या पाठीवर नाव अजून आधीच्या मालकाचेच, असे सभासद मी स्वतः पाहिले आहेत. ती नोंद करून घेताना संस्थेने हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) म्हणून मनाला येईल तो आकडा सांगितला तर, आदर्श उपविधींनुसार त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, हे नम्रपणे पण ठामपणे दाखवून द्यावे. (सचिव राहिलेल्या माणसाने हे लिहावे, याचे आमच्या जुन्या कमिटीला नवल वाटेल.) गृहकर्ज फेडलेल्यांनी मूळ कागद बँकेत पडून राहू देऊ नयेत. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत ते परत द्यावे लागतात, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते.

घेणाऱ्यांनी बयाणा देण्याआधी हीच साखळी कडी न् कडी तपासावी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन घरबसल्या पाहता येते, पण न नोंदलेला व्यवहार तिथे दिसणार नाही, त्यामुळे वकिलाचा शोध अहवाल (सर्च रिपोर्ट) टाळू नये. वाशी-नेरूळकडे सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील घर असेल तर आधीच्या प्रत्येक विक्रीच्या वेळी सिडकोकडे हस्तांतरण झाले होते का, हेही पाहावे लागते.

सर्वांत जास्त गैरसमज नामनिर्देशनाबाबत (नॉमिनेशन) आहेत. वडिलांनी माझे नाव लावले होते, म्हणजे घर माझे, असे म्हणत कित्येक जण कार्यालयात येत. सहकार कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार, वारस निश्चित होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला संस्था तात्पुरती सभासद करून घेते. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. अशा एकट्या व्यक्तीकडून घर घेणाऱ्याने बाकीच्या वारसांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे मागितलीच पाहिजेत. नोटिशीचे १४ दिवस उलटले, कोणी हरकत घेतली नाही, एवढ्यानेच परगावी राहणाऱ्या बहिणीचा हिस्सा संपत नाही.

याच कारणासाठी आपणास एक विनंती आहे. या नोटिसा सध्या इतक्या बारीक टाइपात येतात, की ज्यांनी त्या वाचायला हव्यात त्या वयाच्या माणसांना भिंग घ्यावे लागते, आणि ठाण्याची नोटीस वसई-पनवेलच्या नोटिसांमध्ये हरवून जाते. प्रत्येक नोटिशीच्या वर तालुका आणि इमारतीचे नाव ठळक अक्षरांत छापले, तर निदान आपल्या इमारतीचे नाव तरी वाचकाच्या नजरेस पडेल.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव,
नौपाडा, ठाणे